दोन जागांची मोटार

गिरधर पाटलाने मोटार आणली तेव्हा बोरवाड गावातल्या लोकांना आधी वाटलं की ती अर्धीच आली आहे, उरलेली मागून येत असेल. पुढे लांबच लांब नाक, त्याच्यावर चामड्याचा पट्टा करकचून आवळलेला, सायकलीसारखी तारांची चाकं, आणि मागे जेमतेम दोन माणसं टेकतील एवढी जागा. वर छप्पर नाही. दार एकच, तेही डावीकडे. चालवणाऱ्याने पाय उचलून कडेवरून आत उतरायचं, घोड्यावरून खाली उतरावं तसं. डोंगराकडच्या एका जहागिरीतल्या फत्तेसिंग नावाच्या तरुण मालकाने ती हौसेने मुंबईहून मागवली होती. सातपुड्याच्या दगडगोट्यांत तिचं पोट खरवडून निघालं, तशी त्याची हौस फिटली आणि त्याने ती गिरधरला विकून टाकली.

गिरधरची बायको छबूबाई ओट्यावर उभी राहून बघत होती. लोक विचारत होते, एवढ्या पैशात भाड्याने चालणारी सर्विस मोटार आली असती, नंदुरबार-शहादा फेऱ्या मारल्या असत्या. धाकटा दीर छगन तर तोंडावरच म्हणाला की या डबीत ना कापसाचं भरलेलं बोंद मावेल, ना घरची माणसं. गिरधर आपला फडक्याने काच पुसत होता. छबूबाईला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलं आहे, आणि ते का फिरलं हे आपल्याला ठाऊक आहे. पण ते बोलून दाखवायची या घरात सोय नाही.

सोय नव्हती, कारण सासूने, भिकुबाईने, तशी आण घातली होती. छबूबाईची आधीची दोन बाळं अंगावर पितानाच गेली होती. मग मुलगा झाला, तेव्हा म्हातारीनेच त्याला सुपात घालून अंगणात फिरवलं आणि सुपडू असं नाव ठेवलं, म्हणजे सुपातलं पाखडलेलं पोर म्हणून कोणाची नजर लागणार नाही. नजर लागली नाही, पण घटसर्प झाला. शाळेत जायला लागलेलं पोर. भादव्यात आईबरोबर मामाच्या गावी, तापीपलीकडे शहाद्याच्या बाजूला गेलं होतं. तिथे गळा सुजला. मामाने बैलगाडी जुंपली आणि नंदुरबारच्या डॉक्टरकडे निघाले, पण वाटेत प्रकाशा गावाशी तापी दुथडी भरलेली. नावाडी नाव घालेनात. निरोप मिळून गिरधर अलीकडच्या काठावर येऊन पोहोचला होता. पलीकडे गाडी दिसत होती, गाडीवरची घोंगडी दिसत होती. मधे गढूळ पाणी. पूर उतरेपर्यंत तो तसाच काठावर उभा होता, आणि पूर उतरला तेव्हा डॉक्टरचं काम राहिलं नव्हतं.

पोराचे दिवस घातले त्या संध्याकाळी भिकुबाईने सगळ्यांना बजावलं की या घरात आता ते नाव कोणी घ्यायचं नाही. तेव्हापासून कोणी घेतलं नाही. मोठं घर, सतरा माणसं उठबस करणारी. दिवसाउजेडी नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायची रीत नव्हतीच. रात्रीही भिंतीपलीकडे कोणी ना कोणी जागं असायचं. छबूबाई आणि गिरधर हळूहळू एकमेकांशी फक्त बैलांबद्दल आणि मिठामिरचीबद्दल बोलू लागले.

मोटारीत पहिल्यांदा आईला बसवायचं असा गिरधरचा विचार होता. भिकुबाई आत उतरली, पण जागा इतकी खोल की गुडघे हनुवटीला टेकले, आणि शेजारून जाणाऱ्या बैलाचं पोट तिच्या तोंडासमोरून गेलं. तिने तिथूनच बजावलं की मला आधी वर काढा. मग छगन एकदा बसला, पण मोटार सुरू करताना पुढचा दांडा उलटा फिरून त्याच्या मनगटाला असा लागला की तोही पुन्हा फिरकला नाही. राहिली छबूबाई. गिरधर तिला म्हणाला की नंदुरबारला पेट्रोलचे डबे आणायचे आहेत, एकट्याने डबे धरता येत नाहीत. निमित्त सगळ्यांना कळलं. भिकुबाईने तोंड फिरवलं आणि म्हणाली, सून भरदिवसा नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून गावातून जाणार, बरं दिसतं.

मोटार गावाबाहेर पडली आणि छबूबाईचा पदर पहिल्याच झपाट्याला डोक्यावरून उडाला. तिने तो दातात धरला, मग कानांमागून गाठ मारली. रस्ता इतका जवळून पळत होता की हात खाली घातला तर धूळ मुठीत येईल. इंजिनाच्या धगीने पाय ऊबदार झाले होते, मार्गशीर्षातला गार वारा तोंडावर, आणि तुरीच्या फुलांचा वास एकदम येऊन एकदम जाई. तिला भीती वाटायला हवी होती. उलट तिला हलकं वाटत होतं, आणि त्याची तिला लाज वाटली. पोर गेलेल्या बाईने असं सुखावू नये.

नंदुरबारजवळ मिरचीच्या पथाऱ्या लागल्या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना, नजर जाईल तिथवर लाल मिरची वाळत घातलेली. बैलगाडीत बसून तिथून जाताना लोक तोंडाला फडकं बांधतात. या मोटारीला ना छप्पर ना बाजू, वाऱ्याबरोबर तिखट थेट डोळ्यांत आलं. छबूबाई शिंकली, खोकली, डोळ्यांतून धारा लागल्या. तिने पदराने तोंड पुसलं आणि शेजारी पाहिलं, तर गिरधरच्याही गालांवरून पाणी वाहत होतं. पथाऱ्या मागे पडल्या. हवा स्वच्छ झाली. त्याचं पाणी थांबलं नाही.

इंजिनाचा आवाज असा, की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. गिरधर समोर बघत ओरडून म्हणाला, "सुपडूले मिरची सोसे नही."

छबूबाईला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. दोन वर्षांत ते नाव तिने मनातसुद्धा हळूच घेतलं होतं. मग तीही ओरडली, "पन भरीत खाये. पानी पी-पीसन खाये."

नंदुरबारला डबे भरून घेतले. परत येताना ती बोलतच राहिली. त्याला बैलांची नावं कशी पाठ होती, अंगणात झोपताना तो आजीची वाकळ कशी ओढून घ्यायचा, असं काहीबाही. सगळं ओरडून. बांधावरच्या बायका मान वळवून बघत होत्या. त्यांना फक्त फटफट ऐकू येत होती. गावाची शीव आली तशी ती गप्प झाली, आणि ओट्यापाशी उतरली तेव्हा तिचा घसा बसलेला होता. जावेने विचारलं तर म्हणाली, मिरचीचा ठसका.

मग हे नेहमीचं झालं. मोटारीच्या खोडी दोघांना पाठ झाल्या. थंडीत ती दांडा फिरवून फिरवून हात मोडल्याशिवाय सुरू होत नसे. ऊन वाढलं की पेट्रोल नळीतच उकळे आणि ती मुकाट्याने उभी राही. मग छबूबाईने डब्यातलं पाणी फडक्यावर घेऊन नळीला गुंडाळायचं आणि बाभळीखाली बसून राहायचं. काळ्या जमिनीत रुतली की बैल लावून काढायची. कोणाचं ओझं घ्यायचं नाही, कोणाला सोबत घ्यायचं नाही, कारण जागाच नाही. तिच्यात जे नव्हतं त्यामुळेच ती छबूबाईला आवडायला लागली होती. एकदा तिने ओरडून विचारलंसुद्धा, ही का घेतली म्हणून. गिरधरने आधी एक खड्डा चुकवला. मग म्हणाला की घरात बसून जीव दबत होता, कुठेतरी धावायला पाहिजे होतं. पुराच्या पाण्यात हीही उभीच राहिली असती, हे त्याला माहीत होतं. छबूबाईलाही माहीत होतं.

पण तो कायम नंदुरबारकडे किंवा धुळ्याच्या वाटेला धावे. प्रकाशाचा फाटा आला की मोटार आपोआप दुसरीकडे वळे. छबूबाई त्या दिवसानंतर माहेरी गेली नव्हती. भाऊ येऊन भेटून जाई.

विलायतेत लढाई सुरू झाली आणि तिची झळ हळूहळू खानदेशापर्यंत आली. पेट्रोलला कुपनं लागली, मग कुपनावरही मिळेना. टायर मिळेनात. मोटार कापसाच्या खोपीत जाऊन उभी राहिली, तिच्या सीटवर कोंबड्या बसू लागल्या. आता बोलायला जागा राहिली नव्हती. गिरधर पुन्हा बैलांबद्दल बोलू लागला. एकदा छबूबाई अंडी काढायला म्हणून खोपीत गेली आणि तिच्या जागेवर नुसती बसली. थोड्या वेळाने गिरधर आला, कडेवरून पाय टाकून शेजारी बसला. बाहेर छगन गड्यांना काही सांगत होता. शब्द न् शब्द ऐकू येत होता. दोघं तशीच बसली आणि उठून आपापल्या कामाला गेली.

शेवटचा एक डबा गिरधरने राखून ठेवला होता. चैत्रात त्याने विचारलं, एकदा कुठे जायचं? छबूबाई म्हणाली, प्रकाशाला.

तो नाही म्हणाला नाही. वाटेत दोघंही बोलली नाहीत. इतक्या आवाजात बोलायला मिळणार नाही पुन्हा, हे माहीत असूनही. तापीचं पात्र आटलं होतं. मधे एक निळी धार आणि दोन्हीकडे वाळू. गिरधरने मोटार जिथवर नेता येईल तिथवर नेली. वाळूत चाकं फिरली, इंजिन गचकलं, बंद पडलं.

एवढी शांतता तिने मोटारीत कधी ऐकली नव्हती. पलीकडच्या काठावर कोणी धुणं आपटत होतं, तो आवाज इथवर येत होता. इतकं जवळ. गिरधर सुकाणूवर हात ठेवून समोर बघत होता. मग तो अगदी हळू म्हणाला, "त्याले मी दिसनू का?"

छबूबाईला कळलं की हा माणूस एवढी वर्षं हेच विचारायला धावत होता. हो म्हणणं सोपं होतं. तिच्या जिभेवर ते आलंही. पण तो तिच्याकडे वळून बघत होता, आणि तिला खोटं बोलवेना.

"नही," ती म्हणाली. "डोया मिटेल व्हतात त्याना."

गिरधरने मान खाली घातली.

"पन मी त्याना कानमा सांगं. तुन्हा बाप ऊना शे, तठे काठवर उभा शे."

"मंग?"

"मन्हं बोट धरेल व्हतं त्यानी. ते त्यानी दाबं."

ऊन चढेपर्यंत दोघं तिथेच बसली. मोटार काही केल्या सुरू झाली नाही; ओलं फडकं लावून झालं, दांडा फिरवून झाला. शेवटी कलिंगडाच्या वाडीतला चैत्या नावाचा भिल्ल आपली जोडी घेऊन आला आणि त्याने दोर बांधला. बैल पुढे, मोटार मागे, आणि सुकाणू धरून बसलेला गिरधर, अशी ती गावात शिरली. लोक हसले. छबूबाईने पदराची गाठ सोडून तो डोक्यावर नीट घेतला आणि कोणाकडे पाहिलं नाही.

पुढे सुरतेच्या एका व्यापाऱ्याने ती मोडीत नेली. घरात हायसं वाटलं सगळ्यांना.

त्याच आठवड्यात जेवायला बसलेलं असताना ताटात भरीत आलं. गिरधर घास हातात धरून थांबला आणि साध्या आवाजात म्हणाला, "सुपडूले आवडे." ओळीने बसलेली माणसं हलायची थांबली. भिकुबाई भिंतीपाशी बसली होती. तिने ताट बाजूला सारलं.

"त्यानं नाव लेऊ नको, बापा," ती म्हणाली. "मन्हं काळीज फाटस."

"मन्हं बी फाटस, माय," गिरधर म्हणाला, आणि त्याने तो घास खाल्ला.

भिकुबाई उठून मागच्या पडवीत गेली. त्यानंतर कित्येक दिवस ती त्या दोघांशी बोलली नाही. ताटही वेगळं मागून घेई. जावांना वाटलं, म्हातारीला राग आला. छबूबाईलाही आधी तसंच वाटलं. मग एका दुपारी ती परसात गेली, तर भिकुबाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. हात चालत होते, पण दाणे आणि टरफलं एकाच टोपलीत पडत होती. तिचं तिला भान नव्हतं.

छबूबाई तिच्याजवळ बसली. टोपलीतली टरफलं वेचून बाजूला काढू लागली. खूप वेळाने, मान वर न करता, ती सुपडूबद्दल बोलायला लागली. मामाच्या गावी पहिल्याच दिवशी तो ठरवत होता, घरी परतल्यावर आजीला काय काय नेऊन दाखवायचं, ते. म्हातारीचे हात थांबले. तिने तोंडाला पदर लावला. पण ती उठून गेली नाही.