काडेपेटीतला दात

काडेपेटी अजून माझ्याकडंच हाय. फडताळात, देवाच्या फोटोमागं. कोणाला बघायची असेल तर दाखवीन, पण आधी सगळं ऐकून घ्यायचं, मधी तोंड घालायचं नाय. मला ते खपत नाय. आमचा म्हातारा, गोमाजी, तीस-पस्तीस वर्षं संसार करून अजून शिकला नाय, ते सोडा.

मी ठकूबाई, कुडपणची. वाडीत कोणाच्या पोरीला स्थळ येऊ दे, कोणाची म्हैस आटू दे, आधी मला विचारतात. मी सांगितलं की झालं. राही, माझी धाकटी जाऊ, ती तर मला विचारल्याशिवाय पेजेत मीठ घालायची नाय. एकच अंगण, दोन चुली. तिचं माहेर उमरठ. लग्न होऊन आली तेव्हा जेमतेम सतरा-अठराची होती, आणि हसायची अशी, की पलीकडच्या घरातली माणसं काय झालं ते न कळता हसायला लागायची.

माझा पोरगा सुनील मुंबईहून रेल्वेनं वीर स्टेशनाला उतरून यायला लागला, त्या सालची गोष्ट. राही हसताना तोंडावर पदर घ्यायला लागली. मला वाटलं, चाळिशीला आल्यावर हिला आता कसली लाज वाटायला लागली? मग एक दिवस पाणवठ्यावर तिनं मला तोंड उघडून दाखवलं. पुढचा वरचा दात बोटानं ढकलला तर पुढं-मागं झाला. हिरडी सुजलेली, लालबुंद, आणि दात नुसता लांब दिसत होता.

"बाय, हा पडंल काय गो?"

"मला काय विचारतेस? माझ्या तोंडात काय वेगळं हाय?"

खोटं नव्हतं ते. मशेरी दोघींची एकच. तव्यावर तंबाखू जाळायची, कुटायची, डबीत भरायची आणि दिवसातून चार वेळा हिरडीला चोळत बसायचं. रक्त आलं की म्हणायचं, उष्णता वाढली, आणि सब्जाचं पाणी प्यायचं. रक्त येतं तिथं घासायचं नाय, हा आमचा कायदा. माझ्या तोंडाला वास यायचा हे मला कोणी सांगितलं नाय, पण म्हातारा माझ्याशी मान वळवून बोलायचा. मला वाटायचं, माझा धाक हाय.

वैशाखात सुनील आला. मुंबईत कंपनीच्या कँटीनमधी हाय तो. आम्हा दोघींची तोंडं बघून म्हणाला, "आई, हा पायरिया हाय. महाडला दातांची डॉक्टर हाय, लेडीज हाय, टेन्शन नको घेऊ. दोघी चला."

राही मागं सरली. वरच्या दाताला हात लावला की डोळा जातो, असं तिच्या आजीनं सांगून ठेवलेलं. म्हणाली, "बाय, तू आधी जा. तुझं बरं झालं तर मी जाईन. पण हा दात राहिला पायजे गो माझा."

म्हटलं, जाते. मोठी जाऊ कशाला असते?

डोंगर उतरलो, गाडीनं पोलादपूर, तिथनं महाड. डॉक्टरीण चैत्राली म्हणून, माझ्या सुनेच्या वयाची. मला खुर्चीत आडवी केली, तोंडात आरसा घातला आणि पहिला प्रश्न, "मावशी, मशेरी किती वर्षं?" म्हटलं, तुझं वय किती? त्याच्यापेक्षा जास्त. ती हसली. म्हणाली, "आज खालचे दात साफ करते, पंधरा दिवसांनी वरचे."

मग ती मशीन. घर्र घर्र, पाण्याचा फवारा, मधीच आकड्यानं खरवडणं. अर्धा तास. "थुंका" म्हणाली, मी थुंकले, आणि भांड्यात टण् करून काय तरी वाजलं. बघते तर तुकडा! पिवळा, एका बाजूनं काळा, आत वळलेला, अर्ध्या चिंचोक्याएवढा. जीभ खालच्या दातांमागं नेली तर जिथं कायम भरल्यासारखं लागायचं तिथं खड्डा. दातादातात फटी. मी समजले. फोडला मेलीनं माझा दात.

तोंडात कापूस, बोलायची सोय नाय. तिची पाठ फिरली तसा तुकडा उचलून पदराला बांधला. ती आपली सांगत होती, "थोडे दिवस दात हलल्यासारखे वाटतील, गार पाणी झोंबेल, घाबरू नका, हा मऊ ब्रश घ्या, रक्त आलं तरी हळूहळू घासायचं, मशेरी बंद." माझं डोकं असं फिरलेलं! फोडून वर सांगते घाबरू नका! सुनीलला वाटेत एक शब्द बोलले नाय. तो दुसऱ्या दिवशी मुंबईला गेला आणि मी तुकडा काडेपेटीत घातला.

सगळ्या वाडीला दाखवला. "हा बघा दात. साफ करते म्हणून फोडला." गार पाणी प्याले तर कळ डोक्यात जायची, म्हटलं बघा. खालचे दात बोटानं हलायचे, म्हटलं बघा, चांगले होते ते पण खिळखिळे केले. बनुबाईनं काडेपेटी हातात घेऊन कपाळाला हात लावला. गोष्ट उमरठपर्यंत गेली.

म्हातारा एवढंच म्हणाला, "आरशात बघून दात मोज की."

"मोजायचे काय? पुढनं सगळे हायत, मागनं फोडलाय!" म्हटल्यावर उठून बाहेर गेला.

आणि राही म्हणाली, "बरं झालं बाय, तू आधी गेलीस. मी वाचले."

हे तिचं बोलणं मला अजून आठवतं.

पंधरा दिवसांनी मी काय महाडला गेले नाय. राहीचा तर प्रश्नच नव्हता. तिची मशेरी चालू, पदर तोंडावर. माझी पण चालू, पण फक्त वर. खाली लावली की झोंबायची. ब्रश मात्र घरात होता. वस्तू फुकट घालवायची मला सवय नाय, म्हणून तो खालच्या दातांवर फिरवायची, पुढनं, मागनं, फटीतनं. आठ दिवस रक्त आलं, मग कमी झालं. भाताची आवणी लागली, कामात मी विसरून गेले.

गौरी आल्या तेव्हा कोणी तरी भाजलेलं मक्याचं कणीस दिलं आणि मी ते खालच्या दातांनी सोलून खाल्लं. खाऊन झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. आरसा घेऊन दारात उजेडाला बसले. खालची हिरडी गुलाबी, दाताला घट्ट धरून. दात हलवून बघितले, नाय हलले. गार पाणी घेतलं, नाय झोंबलं. वरची हिरडी जशीच्या तशी, सुजकी, बोट लावलं की रक्त. एका तोंडात दोन माणसांचे दात असल्यासारखं. मशीन फिरली ती खाली, ब्रश फिरला तो खाली. न कळायला मी काय खुळी नाय.

मला कळलं. भादव्यातच कळलं. आणि मी आरसा खिळ्याला अडकवला आणि गप बसले.

कोणत्या तोंडानं सांगणार? अर्ध्या तालुक्यानं काडेपेटी बघितलेली. म्हटलं, सांगू उद्या-परवा. त्याच संध्याकाळी राही आली, म्हणाली, "बाय, माझा जास्त हलतोय गो. काय करू?" ती मला विचारत होती. मी म्हटलं, "मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर." त्यापुढं एक वाक्य बोलायचं होतं, नाय बोलले. दसरा गेला, दिवाळी गेली, आणि मी रोज तिच्या तोंडावरचा पदर बघत होते.

मार्गशीर्षात एका दुपारी राही दारात उभी राहिली. पदर नेहमीसारखा, एक मूठ मिटलेली.

"बाय, तुझा दात दाखव."

"कशाला?"

"दाखव तर."

मी काडेपेटी काढली, तुकडा घोंगडीवर ठेवला. तिनं मूठ उघडली आणि त्याच्या शेजारी आपला दात ठेवला. भाकरी खाताना नाय, सुपारी फोडताना नाय. मऊ भात खाताना घासाबरोबर हातात आला, म्हणाली.

सबंध दात. वर पांढरा, खाली हे एवढं लांब मूळ. आणि मुळाला खालपर्यंत चिकटलेलं पिवळं-काळं, खरबरीत. शेजारी माझा तुकडा, तसाच पिवळा-काळा, तसाच खरबरीत. त्याला मूळ नाय, काय नाय. शेंबडं पोर पण सांगेल की एक दात हाय आणि दुसरं दातावरचं कीटण.

राही बघत बसली. "बाय," म्हणाली, "तुझा दात फुटलाच नाय."

"नाय."

"तुला ठाऊक होतं?"

मी तिच्याशी आयुष्यात खोटं बोलले नव्हते. गप बसणं म्हंजे खोटं बोलणं नाय, असं तीन महिने मनाला समजावत होते. "खालचे दात बरे झाले, ते भादव्यात कळलं मला," म्हटलं. "लाज वाटली गो. सगळ्यांना दाखवलं होतं ना."

ती ओरडली असती, मला शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती रडली पण नाय. आपला दात माझ्या काडेपेटीत ठेवला आणि म्हणाली, "बाजूचा पण हलायला लागलाय."

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही दोघी डोंगर उतरत होतो.

डॉक्टरणीनं काडेपेटीतल्या दोन्ही वस्तू दिव्याखाली धरल्या. माझे दात एकेक करून मोजले, मोठ्यानं. सगळे होते. कुठं टवका पण उडालेला नव्हता. "मावशी, दातावर रोज मऊ थर बसतो. तो घासून काढला नाही की त्याचा असा दगड होतो," ती म्हणाली. "तो हिरडीत घुसतो, हिरडी दात सोडायला लागते, मग आतलं हाड झिजतं. दुखत नाही, म्हणून माणूस येत नाही. तुमचे हलणारे दात त्या दगडानंच एकमेकांना धरून ठेवले होते. तो निघाला म्हणून हलले. मग हिरडी आवळली, घट्ट झाले." नंतर म्हणाली, "हा तुकडा मीच तुमच्या हातात देऊन सांगायला हवं होतं. चुकलंच माझं."

मी म्हटलं, "तू सांगत होतीस बाय. मी ऐकत नव्हते."

राहीनं एकच विचारलं. "हा परत बसवता येईल काय?"

"हा नाही. खोटा बसवता येईल, पण आधी हिरड्या बऱ्या होऊ देत. वैशाखात आला असतात तर बहुतेक वाचला असता. बाजूचा वाचवायला बघू."

वैशाख हा शब्द ऐकून राहीनं माझ्याकडं बघितलं नाय. तेच जास्त लागलं. डॉक्टरणीनं तिची साखर तपासायला पाठवलं, साखर असली तर हिरड्या लवकर बऱ्या होत नायत म्हणून. नव्हती, देवाची कृपा. मग चार खेपा झाल्या. सुई देऊन बधीर करायची आणि हिरडीच्या आतनं मुळं खरवडायची. राही खुर्चीचे हात धरून बसायची, मी बाहेर बाकावर. आमच्या दोघींची मशेरी मी उकिरड्यावर ओतली. पहिले पंधरा दिवस माझं डोकं असं दुखलं की म्हाताऱ्यानं माझ्या वाटेला यायचं सोडलं. हल्ली तो समोर तोंड करून बोलतो.

माघ संपेपर्यंत बाजूचा दात घट्ट झाला. डोळे दोन्ही जागेवर हायत. फट मात्र हाय, आणि फटीवर पदर.

शिमग्याला बायका आमच्या अंगणात बसल्या होत्या. बनुबाईनं सुनेला पुढं केलं. "हिच्या हिरडीतनं रक्त येतंय. महाडला जाते म्हणते. ठकू, तो फोडलेला दात दाखव गो हिला, म्हंजे शहाणी होईल."

मी आत गेले, काडेपेटी आणली, सगळ्यांसमोर उघडली. "हा दात नाय. हा माझ्या दातावरचा दगड. डॉक्टरणीनं काय फोडलं नाय, माझं चुकलं."

"आणि हा दुसरा?"

राही चुलीपाशी होती. तिचा हात थांबला.

"हा राहीचा," मी म्हटलं. "मी गप बसले म्हणून गेला."

माझे कान तापले, पण मी मान खाली घातली नाय. राही उठली, येऊन त्या पोरीसमोर बसली. तोंडावरचा पदर खाली केला आणि तिला फट दाखवली.

"बघून घे," म्हणाली, "आणि सोमवारी जा. आधी दुसऱ्या कोणाला पाठवू नकोस."