काळजीला दहापैकी चार

टीव्हीवर जायची हौस शिंपीकाकांना कधीच नव्हती, ती होती लेकीला. गाण्याच्या त्या गाजलेल्या स्पर्धेत ती पाचवी आली आणि गंमत बघा, लोकांच्या लक्षात राहिले ते काका! लेक गायला लागली की हे पडद्याआड पाठ फिरवून उभे राहायचे, गळ्यातली मापाची टेप बोटाला गुंडाळायचे, सोडायचे, परत गुंडाळायचे. वरचा सूर आला की डोळे गच्च मिटायचे. आपल्यावर कॅमेरा आहे याचा बिचाऱ्यांना पत्ताच नव्हता. इकडे घराघरांतल्या बायका ‘अगं बाई, बघ ना त्यांच्याकडे!’ करत डोळे पुसत होत्या.

झालं! चॅनेलच्या साहेबांच्या तोंडाला पाणी सुटलं. पुढच्याच महिन्यात नवा कार्यक्रम, नुसत्या बापांचा. बारा बाप, तीन परीक्षक आणि काळजीला दहापैकी गुण! अहो, मीठ चवीपुरतं असतं तोवर ठीक. त्याचीच वाटी भरून पुढे ठेवली तर खाणार कोण? पण हे साहेबांना सांगायचं कुणी?

काकांनी आधी हातच जोडले. “साहेब, मला पँटी शिवता येतात, बाकी काही येत नाही.”

साहेब मुरलेले. म्हणाले, “कार्यक्रम चालला तर तुमच्या लेकीचं स्वतःचं गाणं काढू. वीस वादक घेऊन.”

पाचव्या नंबराला कोण विचारतं हो? दोन महिन्यांत लेकीला एक फोन आला नव्हता. काका हो म्हणून बसले.

पहिल्याच दिवशी घोडं अडलं. स्टेजवर लेक नव्हतीच! वेळ वाचावा म्हणून मुलांची गाणी नंतर वेगळी घेऊन जोडायची ठरली होती. जमिनीवर चिकटपट्टीची एक फुली मारलेली. तिथे आपलं मूल गातंय असं समजून बापांनी घाबरायचं. बारांतले एक पोस्टमन होते, ते फुलीकडे बघून लगेच हुंदके द्यायला लागले. त्यांना नऊ गुण. आमचे काका नुसते बघत राहिले. फुली काही बेसूर होणार नव्हती, मग घाबरायचं कशाला?

“काका, काळजी कमी पडतेय!” दिग्दर्शक ओरडला. गुण चार.

मग काकांनी मनावर घेतलं. दुकानातल्या आरशासमोर घाबरायचा सराव सुरू झाला. एक गिऱ्हाईक धावत पाणी घेऊन आलं, “काका, छातीत दुखतंय का?” दुसऱ्याच्या पँटीचा एक पाय वीतभर आखूड झाला. पण तिसऱ्या भागात काकांनी आठ गुण मिळवले! फक्त तोवर बघणारे पळाले होते. बारा बाप ठरल्या वेळी ठरल्यासारखे रडतात, हे कुणी किती दिवस बघायचं? साहेबांनी सांगून टाकलं, “चौथा भाग चालला तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळायचा. मग गाणंबिणं विसरा.”

चौथ्या भागाच्या दिवशी लेक न सांगता स्टुडिओत आली आणि पडद्याआड उभी राहिली. काका स्टेजवर आले. पाठ फिरवली, टेप गुंडाळली, डोळे मिटले, सगळं आरशातल्यासारखं अगदी बरहुकूम. तिकडे लेकीचा जीव टांगणीला. ओढणीचं टोक दातात, तोंड भिंतीकडे. कॅमेरावाला गाण्याच्या स्पर्धेपासूनचा जुना होता. सवयीने त्याने कॅमेरा तिच्याकडे वळवला.

साहेब खुर्चीतून उडालेच. “हेच! हेच हवं होतं! पुढचा कार्यक्रम मुलांचा! बाप स्टेजवर, मुलं पडद्याआड! पोरी, तुझं गाणं पक्कं!”

काका धावतच तिच्याकडे आले. “ऐकलंस ना? वीस वादक!”

“नको, बाबा.”

“अगं, वेड लागलंय का तुला?”

“उद्या मलाही फुलीकडे बघून रडायला लावतील. तुम्ही तर शिकलातच. मघाशी डोळे मिटलेत, ते खरं की खोटं, मला कळेचना.” तिने ओढणीचं टोक मुठीत धरलं. “बाबा, तुम्ही खरंच घाबरता म्हणून मी जीव लावून गाते. तेच गेलं तर मी गाणं घेऊन काय करू?”

काकांना लाज वाटली, लेकीचा अभिमानही वाटला. त्यांनी कॉलरचा माइक काढून दिग्दर्शकाच्या हातात ठेवला आणि ते साहेबांकडे वळले.

“साहेब, आम्ही निघतो. राग मानू नका.”

बसथांब्यावर एक म्हातारे गृहस्थ तेवढे पेपर वाचत बसले होते. लेकीने काही न विचारता गायला सुरुवात केली. गृहस्थांनी पेपर खाली केला. नवीनच गाणं होतं, काकांनी कधी न ऐकलेलं, कुठे चढणार आणि कुठे उतरणार काही ठाऊक नाही. आवाज वर जायला लागला तशी काकांची बोटं आपोआप गळ्यातली टेप गुंडाळायला लागली, डोळे गच्च मिटले. आणि काकांना इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की त्यांनी घाबरून लेकीचा हात घट्ट धरला.