आधी अंडं सोलून दाखव

काचवाल्याला कुणी विचारलं, तुझं घर कुठं, तर तो सांगायचा, बायको राहते तिथं. आपण आपले अधूनमधून पाहुण्यासारखे जाऊन येतो. बाकी सगळा जन्म रस्त्यावर. कारखान्यातून खिडक्यांच्या काचा ट्रकमध्ये भरायच्या आणि लांबच्या शहरात नेऊन उतरवायच्या, वर्षानुवर्षं हाच धंदा. म्हणून नाव पडलं काचवाला. खरं नाव आता गाडीच्या कागदांवर आणि बायकोच्या रागात तेवढं उरलं होतं.

आता रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला काहीच आपलं नसतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. काचवाल्याचं त्या रस्त्यावर निम्मं गणगोत होतं. तोंड धुवायचा एक नळ होता, त्याचं पाणी भर उन्हात गार. वजनकाट्यावरचा एक म्हातारा होता, तो प्रत्येक वेळी तोच विनोद सांगायचा आणि काचवाला प्रत्येक वेळी नव्यानं हसायचा. पण या सगळ्या थांब्यांत जीव की प्राण असा थांबा एकच, आत्याची टपरी.

टपरी म्हणजे काय, तर पुढे पत्र्याखाली चूल आणि दोन बाकडी, मागे झाडाच्या सावलीत ओळीनं टाकलेल्या खाटा. रस्त्यावरच्या बाकी सगळ्या चहावाल्या बायका मावश्या होत्या. ही तेवढी आत्या. कारण मावशी लाड करते, आणि हिला लाड माहीत नव्हते. गाडी थांबवून तुम्ही बाकड्यावर टेकलात, की ही समोर येऊन तळहात पुढे करायची.

"किल्ली."

किल्ली दिल्याशिवाय चहा नाही. ती किल्ली चुलीमागच्या फळीवर खुंटीला जायची. खुंट्यांची रांगच होती तिथं. मग चहा प्या, जेवा, गप्पा ठोका, खाटेवर आडवे व्हा, काय वाट्टेल ते करा. निघताना मात्र आत्या एक उकडलेलं अंडं हातात द्यायची आणि समोर उभी राहायची.

"आधी अंडं सोलून दाखव."

पेंगुळलेल्या माणसाला धीर नसतो. तो टरफल ओरबाडतो, टरफलाबरोबर आतलं पांढरंही निघतं, आणि अंडं उंदरानं कुरतडल्यासारखं दिसायला लागतं. तसं झालं की आत्या नुसती मान हलवायची आणि बोटानं खाट दाखवायची. अंडं गुळगुळीत निघालं की खुंटीवरची किल्ली हातात. जे अंडं खात नसत त्यांना संत्रं मिळायचं, आणि त्याचा पांढरा धागा न् धागा काढून दाखवावा लागायचा. ते बिचारे म्हणायचे, यापेक्षा अंडं परवडलं!

काचवाला पहिल्यांदा आला तेव्हा जवान होता, डोकं गरम होतं. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "बाई, मी चहा प्यायला आलोय, परीक्षा द्यायला नाही!" आत्या म्हणाली, "मग नापास होऊ नकोस." त्या दिवशी तो चक्क दोनदा नापास झाला आणि दुपारभर खाटेवर घोरत पडला. उठला तेव्हा संध्याकाळचं ऊन झाडातून येत होतं, उशाशी पाण्याचा तांब्या होता, आणि बाकड्यावर बसून आत्याची लेक, छोटी, पाटीवर गणितं सोडवत होती. आपल्या झोपेची काळजी आईनंतर कुणी केली असेल तर ती या खाष्ट बाईनं, हे त्याला तिथंच कळलं. त्यानंतर त्यानं ती टपरी कधी चुकवली नाही.

नवे ड्रायव्हर एकमेकांच्या कानात कुजबुजायचे, बिचारीचा नवरा गाडीवर झोपेत गेला असणार, म्हणून हे सगळं. तेव्हा मागच्या खाटेवरून आवाज यायचा, "गेला नाही, इथंच आहे!" ते आतोबा, आत्याचे यजमान. तेही ड्रायव्हरच होते. एकदा त्यांना स्टेअरिंगवर डोळा लागला, ट्रक रस्ता सोडून बाजूच्या वाळूच्या ढिगात अलगद जाऊन रुतला, आणि हे गृहस्थ तरीही जागे झाले नाहीत. निरोप मिळून आत्या धावत पळत आली, तर नवरा केबिनमध्ये सुखानं घोरतोय. तिनं आधी रडून घेतलं, मग शिव्या घातल्या, मग किल्ली काढून घेतली. ती पुन्हा काही दिली नाही. वाळूचा ढीग होता तिथंच तिनं चूल मांडली. आतोबांची ती किल्ली अजून पहिल्या खुंटीवर होती. "लोकांना बायको मिळते," आतोबा म्हणायचे, "मला फौजदार मिळाला."

तर त्या दिवसाची गोष्ट. कारखान्यात काचा उचलायचं यंत्र बिघडलं, भरणी रात्रभर रेंगाळली. काचांचं काम असं, की त्या उभ्या ठेवायच्या, मध्ये पेंढा घालायचा, दोर आवळायचे, आणि ड्रायव्हरनं स्वतः उभं न राहता ते दुसऱ्यावर सोडलं तर नुसता चुरा हाती यायचा. काचवाल्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तसाच सकाळी निघाला. आत्याच्या अलीकडे एक लांब पूल आहे. टपरी दिसली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपण पूल ओलांडल्याचं आपल्याला आठवतच नाही. गाडी लावून त्यानं न मागता किल्ली आत्याच्या हातावर ठेवली.

"आज तर स्वतःहून!" आत्या म्हणाली. "तब्येत बरी आहे ना रे?"

चहाचा पहिला घोट घेतला असेल नसेल, तोच तिचा फोन वाजला. जावई होता. आत्या ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

छोटी आता छोटी कुठली! लग्न होऊन शहरात राहत होती, पोटुशी होती, अजून दिवस भरायचे होते. तिला अचानक कळा सुरू झाल्या होत्या. बाळ आडवं होतं, डॉक्टर ऑपरेशनसाठी नेणार होते, आणि पोरगी एकच घोकत होती, आई कुठाय, आईला बोलवा.

सकाळची एकुलती एक बस निघून गेली होती. बाकड्यावर आणखी एक ड्रायव्हर होता, पण त्याची गाडी उलट्या दिशेची, आणि त्याचंही अंडं नुकतंच कुरतडलेलं निघालं होतं. शहराकडे तोंड करून उभा होता तो एकटा काचवाल्याचा ट्रक.

आत्यानं फडक्याला हात पुसले, आत जाऊन पिशवी भरली, खुंटीवरची किल्ली काढली आणि काचवाल्याच्या हातात कोंबली.

"ऊठ. चल."

अंडं नाही, काही नाही! इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. काचवाला उठला. का नाही उठणार? जिच्या खाटेवर आयुष्यभर निर्धास्त झोपलो, तिनं कधी नव्हे ते काही मागितलं होतं. तिनं म्हटलं असतं तर त्यानं ट्रक डोक्यावर घेऊन नेला असता. तो भराभरा गाडीपाशी गेला, पायरीवर पाय ठेवला, आणि त्याला तो पूल आठवला. म्हणजे आठवला नाही, हेच आठवलं.

तो मागे फिरला.

"आत्या, एक अंडं दे."

"मेल्या, माझी पोर तिकडं तडफडतेय आणि तुला खायचं सुचतंय?"

त्यानं स्वतःच पातेल्यातून अंडं उचललं आणि तिच्यासमोर उभं राहून सोलायला घेतलं. बोटं त्याची होती, पण ऐकत नव्हती. टरफलाबरोबर पांढऱ्याचे लचके निघाले, पार पिवळं दिसायला लागलं. ते तसलं अंडं त्यानं आत्याच्या तळहातावर ठेवलं.

आत्यानं ते पाहिलं. तिला कळलं नाही असं नाही, सगळं कळलं. पण आईच ती. "आजच्या दिवस चालव रे," ती म्हणाली. "मी शेजारी बसते, बोलत राहते, तुला झोपू देत नाही. हवं तर पाया पडते तुझ्या."

काचवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्या, छोटीला तू हवीयस. तुझी बातमी नकोय."

"एवढी वर्षं तुला मी झोपवलं ते हे ऐकायला?"

"होय," तो म्हणाला. "म्हणूनच."

आत्या तोंडाला येईल ते बोलली. मग बोलता बोलता तिची नजर चुलीमागच्या पहिल्या खुंटीवर गेली, आतोबांच्या त्या जुन्या किल्लीवर. ती थांबली. खाटेवर उठून बसलेले आतोबा एवढंच म्हणाले, "त्याचं बरोबर आहे गं." तिनं काचवाल्याच्या हातातली किल्ली घेतली आणि खुंटीला अडकवली.

"तासभर झोप," ती म्हणाली. "त्यावर जरा जरी झालं तर बादली ओतीन."

काचवाल्याला वाटलं होतं, असल्या वेळी झोप कसली येतेय. पण पाठ टेकली आणि तो मेल्यासारखा झोपला. पुढं या गोष्टीची त्याला फार लाज वाटायची. आत्या मात्र खरोखरच भरलेली बादली घेऊन त्याच्या खाटेशी बसून राहिली. एकीकडे जावयाला फोन लावत होती, तो लागत नव्हता. दुसरीकडे पदरानं काचवाल्याच्या तोंडावरच्या माश्या हाकलत होती. त्या तासात तिच्यावर काय गुदरलं ते तिलाच ठाऊक. तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि जो तिला पोचवणार तो समोर घोरत होता!

बादली लागली नाही. तिनं हाक मारली तसा तो ताडकन उठला, तोंडावर पाणी मारलं, पातेल्यातून अंडं घेतलं. टरफल एका पट्टीत निघालं. आत्यानं अंडं बोटांत धरून फिरवून पाहिलं. अशा वेळीसुद्धा! मग किल्ली काढून दिली आणि आतोबांना "चुलीकडे बघा, झोपू नका," असं बजावून केबिनमध्ये चढून बसली.

वाटेत काय झालं म्हणाल, तर काही झालं नाही. कुणी आडवं आलं नाही, काही फुटलं नाही. रस्ता सरळ होता तिथं सरळ गेले, वळण होतं तिथं वळले. दोन्ही हात पिशवीवर घट्ट धरून आत्या पुढं बघत होती आणि मागं काचा एका लयीत किणकिणत होत्या. ऐकणाऱ्याला या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. पण असं काही न घडावं म्हणूनच तर ती बाई आयुष्यभर लोकांचे शिव्याशाप खात किल्ल्या खुंटीला लावत आली होती. निम्म्या वाटेवर तिनं एकदाच विचारलं, "डोळे?" तो म्हणाला, "लख्ख."

काचांचा ट्रक दवाखान्याच्या दारात बघून रखवालदार अंगावर धावून आला. काचवाला म्हणाला, "दादा, मला काय बोलायचं ते बोला, हिला आत सोडा." आत्या धावली. गाडी बाजूला लावून तो आत पोचला तेव्हा ती खोलीच्या दारातच उभी होती. त्यानंच दार ढकललं.

ऑपरेशन होऊन गेलं होतं. छोटी खाटेवर होती, चेहरा पांढराफटक, डोळे अर्धे मिटलेले. पण होती. शेजारी जावई, फोनची बॅटरी संपल्याची माफी मागत. आणि त्याच्या हातात दुपट्यात गुंडाळलेली लेक, मूठ तोंडात घालून बसलेली.

"आई," छोटी पुटपुटली. "किती उशीर केलास गं. मी आत जाताना दाराकडंच बघत होते."

आत्या तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "ड्रायव्हर झोपला होता गं," ती म्हणाली.

छोटीला एवढ्या टाक्यांतही हसू आलं. "तूच किल्ली काढून घेतली असशील."

"नाही गं. मी तर चल म्हणत होते. अंडंसुद्धा मागितलं नव्हतं. त्यानं आपणहून सोलून दाखवलं." आणि मग ती काचवाल्याकडं वळली. कधी कुणाचं कौतुक केलेलं नव्हतं, त्यामुळं शब्द सापडेनात. "माझी पोर आज मला बघतेय ते तुझ्यामुळं. मी तर आपल्या दोघांनाही घेऊन निघाले होते, कुठं कोण जाणे."

"तुझंच तुला परत केलं, आत्या," तो म्हणाला. "माझ्या बायकोला नवरा आहे तो तुझ्यामुळं."

आत्यानं जावयाकडून नात घेतली, डोळे भरून पाहिली, आणि तशीच काचवाल्यापुढं धरली. तो दोन पावलं मागं सरला. आयुष्यभर काचा वाहिलेला माणूस, पण हात पुढं होईनात. शर्टाला पुसून पुसून त्यानं ते लाल करून टाकले.

"आत्या, थांब," तो म्हणाला. "आधी अंडं सोलून दाखवू का?"

"मुकाट्यानं धर," आत्या म्हणाली. "तुझी परीक्षा झाली."