कार्ड आत जायचं नाही!

लॉन्ड्रीचा पुढचा काउंटर किल्ल्या बनवणाऱ्याला भाड्याने द्यायचा, असं नवऱ्याने जेवता जेवता जाहीर केलं आणि सूनबाईने उचललेला घास परत ताटात ठेवला. काउंटर गेला म्हणजे तिथे बसून पैसे घेणाऱ्या मामंजींची खुर्ची गेली की! मामंजी आतल्या खोलीत बातम्या ऐकत होते म्हणून बरं.

"अहो, पण असं अचानक?"

"अचानक कसलं? कार्डाने पैसे घ्यायचं मशीन देणारी कंपनी दर महिन्याला इतके पैसे कापते, की आपण राबतो कोणासाठी तेच कळत नाही. धुण्याची मशिनं मागे राहू देत. कपडे मी व्हॅनने आणीन-पोचवीन. उद्या सकाळी तो माप घ्यायला येतोय."

"आणि मामंजी?"

"बाबांनी आता घरी आराम करावा."

आराम म्हणे! ज्या माणसाला रविवारची सुट्टीसुद्धा वैऱ्यासारखी वाटते, त्याने घरी बसून काय छताच्या भेगा बघायच्या? सूनबाईचं डोकंच फिरलं. जेवण उरकून दुकानात परत आल्या आल्या तिने टांगलेल्या कोटांच्या मागे उभं राहून कंपनीला फोन लावला.

"दर कमी करा, नाहीतर दुसरी कंपनी दारात उभी आहे," तिने तोंड उघडताच दम भरला. दारात एक मांजर तेवढं उभं होतं.

पलीकडची मुलगी मोठी गोड निघाली. "करू ना मॅडम. पण तुमचं दुकान... म्हणजे, आहे ना?"

"आहे ना म्हणजे? कपडे काय हवेत धुते मी?"

"तसं नाही हो. तुमच्याकडे प्रत्येक कार्डाचा नंबर हाताने टाइप होतो. आम्हाला वाटतं, गिऱ्हाईक समोर नाहीच, फोनवरून नंबर सांगतंय. त्यात फसवाफसवीची भीती जास्त, म्हणून दरही जास्त. कार्ड मशीनमध्ये घाला, नाहीतर नुसतं वर टेकवा, बराच फरक पडेल. आणि मशीनचं भाडं मी आजच कमी करून देते."

सूनबाईने दोन कोट बाजूला सारून काउंटरकडे पाहिलं. मामंजी चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन, गिऱ्हाइकाचं कार्ड हातभर लांब धरून, एका बोटाने आकडे दाबत होते. "चार... सात... लेकीची परीक्षा कशी गेली हो?... परत चार..." अगं बाई! चोर घरातच होता, आणि तोही किती लाडका!

त्याचं असं झालं होतं. मशीन नवं होतं, तेव्हा एकाचं कार्ड त्यात अडकलं. मामंजींनी चिमट्याने ओढलं, ते अर्धंच हातात आलं. भल्या माणसाने हसण्यावारी नेलं, पण मामंजी लाजेने अर्धमेले झाले. त्या दिवसापासून कोणाचंही कार्ड आत जायचं नाही! आयुष्यभर ऑफिसात टायपिंग केलेला माणूस, त्याला नंबर टाइप करण्याचं काय ओझं?

आता हे सांगायचं कसं? सूनबाई तासभर एकाच शर्टाला इस्त्री करत राहिली. शेवटी गिऱ्हाईक नाही असं बघून तिने काउंटरवर बसून सगळं सांगून टाकलं. किल्लीवाल्याचंही सांगितलं, आडपडदा ठेवला नाही.

मामंजी आधी हसले. "म्हणजे माझ्या खुर्चीचा पाय मीच कापत होतो म्हण की!" मग चष्मा पुसत बसले, पुसतच बसले. "सूनबाई, टेकवलं की लगेच होतं ना गं?"

"लगेच. काही अडकत नाही."

"त्याचीच भीती वाटते. मी नंबर टाइप करत असतो, तेवढा वेळ लोक बोलतात माझ्याशी. त्यांना जाताच येत नाही ना. उद्यापासून कोण थांबणार?"

 सूनबाईला रडूच आलं, मग इस्त्रीकडे जाऊन उगाच शर्टाच्या कॉलरवर पाणी मारत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्लीवाला टेप घेऊन आला. त्याच्यामागे नवराही. सूनबाईने रात्रीच नवऱ्याला सगळं समजावलं होतं, पण तो आपला "बघू, बघू" करत होता. तेवढ्यात दाताचे डॉक्टर पांढरे कोट न्यायला आले. मामंजींनी मशीन दोन्ही हातांनी पुढे सरकवलं.

"टेकवा."

"टेकवू? आज टायपिंग नाही?"

"नाही. बंद केलं."

मशीन पिक् करून वाजलं. झालं! मामंजींनी कोट दिले आणि खाली बघून काउंटर पुसायला घेतला. जागा स्वच्छच होती.

डॉक्टर दारापर्यंत गेले. तिथे थबकले, मागे फिरले, कोट परत काउंटरवर ठेवले आणि किल्लीवाल्याला म्हणाले, "जरा सरका हो, ते स्टूल द्या इकडे." मग ऐसपैस बसले. "हां मामा, आता निवांत सांगा. त्या गुडघ्याचं काय झालं? गेल्या वेळी कार्डाचे शेवटचे आकडे आले आणि तुमची गोष्ट अर्धीच राहिली."

मामंजींनी फडकं बाजूला टाकलं आणि खुर्ची पुढे ओढली. नवऱ्याने किल्लीवाल्याच्या हातातला टेप हळूच गुंडाळला आणि त्याच्या खिशात ठेवला. "माफ करा हं," तो म्हणाला, "ही जागा रिकामी नाही."