अठ्ठेचाळीस गोळ्या, सात आठवडे

सासूबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा सुनेनं मोबाइलवर डी व्हिटॅमिनच्या गोळ्या शोधल्या. एका दुकानाची भारी सवलत होती, एका डबीवर दोन फुकट. पार्सल उघडल्यावर कळलं, सवलत का ते. गोळ्यांची मुदत सातच आठवडे उरली होती.

सून शिवणकाम करायची. गिऱ्हाईक आणेल तेवढ्या कापडात बसवायचं, बोटभर चिंधी वाया जाऊ द्यायची नाही, असा तिचा हात. तोच हात इथंही चालला. डबीवर लिहिलं होतं, साठ हजार युनिट, आठवड्यातून एक, डॉक्टरांच्या सल्ल्यानं.

"म्हणजे एक्केचाळीस फेकायच्या?" ती म्हणाली. तिन्ही डब्या मिळून अठ्ठेचाळीस गोळ्या, हातात सात आठवडे. रोज एक. बेतलं बरोब्बर. जीवनसत्त्वच तर आहे, विष थोडंच!

"माझी हाडं म्हणजे काय उसवलेली विजार आहे," सासूबाई म्हणाल्या, "दोन टाके घातले की झालं?" म्हणाल्या आणि गोळी गिळली. रोज सकाळी, चहाआधी.

दुसऱ्या आठवड्यात त्यांना तहान लागली. पाणी पिऊन पिऊन पोट भरे, तहान भागेना. मग अन्नाचा वास नकोसा झाला. मग एक दिवस सुनेच्या शिवणातली काजं-बटणं करता करता त्यांनी चार सदऱ्यांना पाठीकडून बटणं लावली, आणि सुनेनं दाखवलं तरी त्यांना चूक दिसेना. चाळीस वर्षांचा हात तो. सुनेनं तशीच रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?"

"डी व्हिटॅमिन," सासूबाई घाईनं म्हणाल्या. "आठवड्याला एकच. डबीवर लिहिलंय तशी."

सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं. म्हातारी समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"नाही, डॉक्टर. रोज एक. बावीस दिवस. मी दिल्या."

डॉक्टरीणबाईंची लेखणी थांबली. "रोज साठ हजार युनिट? अहो, हे अंगात साठतं. जास्त झालं म्हणून लघवीवाटे निघून जात नाही. रक्तातलं कॅल्शियम चढतं, मूत्रपिंडं धोक्यात येतात. आधी रक्त तपासायचं, कमी असेल तर मोजून द्यायचं. आता गोळ्या बंद. सलाईन लावू."

कॅल्शियम चढलेलंच निघालं.

खाटेवर पडल्या पडल्या सासूबाई फुरंगटल्या. "तुझ्यासाठी खोटं बोलले, आणि तू ते तिथंच उघडं पाडलंस."

"आई, नाहीतर डॉक्टरीणबाई भलतंच दुखणं शोधत बसल्या असत्या."

"बसू दे की. सुनेला बोल तर लागला नसता."

सुनेला रडू फुटलं. सुई न टोचलेला हात सासूबाईंनी तिच्या मानेवर ठेवला. "गप. बावीस दिवस न चुकता हातावर गोळी ठेवलीस. माझ्या लेकाला माझं चष्म्याचं घर कुठं असतं तेही ठाऊक नाही."

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. आकडा उतरला होता, मूत्रपिंडं शाबूत होती. सुनेनं वाचून दाखवला.

"पुन्हा वाच," सासूबाई म्हणाल्या.

तिनं पुन्हा वाचला.