चतकोर गोळीची डबी

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. पण डबी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं माझ्यात काही नाही. औषधाच्या दुकानात मला टॅब्लेट-कटर म्हणतात. निळं प्लास्टिकचं अंग, झाकणाच्या आत पोलादी पातं आणि खाली एक छोटा कप्पा. गोळी खाचेत ठेवून झाकण दाबलं की तिचे दोन तुकडे होतात. उरलेला तुकडा कप्प्यात ठेवायचा. त्या कप्प्याला मी माझं पोट म्हणते, आणि माझी सगळी कहाणी त्या पोटातच घडली.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून माझ्यासारख्या कितीतरी बहिणी एका दमात बाहेर पडल्या, त्यामुळे बालपण असं काही माझ्या वाट्याला आलं नाही. पातं बसवणाऱ्या बाईंनी मला उजेडाकडे धरून पाहिलं, पातं सरळ बसलंय असं शेजारणीला सांगितलं आणि खोक्यात टाकलं. आयुष्यातलं ते पहिलं कौतुक मी अजून विसरलेले नाही. त्यानंतर दुकानाच्या काचेच्या कपाटात, खोकल्याच्या औषधांशेजारी, बराच काळ धूळ खात पडले होते.

तिथून मला काकूंनी उचललं. त्यांचे यजमान, म्हणजे काका, जन्मभर शहरातली बस चालवून निवृत्त झालेले. त्यांच्या खांद्यांना आणि कमरेला असलं काही दुखणं जडलं होतं, की सकाळी शर्टाच्या बाहीत हात घालायलाही मदत लागायची. डॉक्टरीणबाईंनी स्टेरॉईडची गोळी सुरू केली आणि काका थोड्याच दिवसांत पुन्हा जिने चढू लागले. गोळी गुणाची खरी, पण तिने आपला मोबदलाही वसूल केला. काकांचा चेहरा चेंडूसारखा फुगला, रक्तातली साखर चढली, हाताची कातडी इतकी पातळ झाली की जरा आपटलं तरी काळंनिळं व्हायचं. म्हणून दुखणं आटोक्यात आल्यावर डॉक्टरीणबाईंनी गोळी उतरवायला घेतली. एकदम नाही, दर महिन्याला थोडी थोडी. त्यासाठी अर्धी गोळी लागे, चतकोर लागे. काकूंनी आधी भाजीच्या सुरीने कापून पाहिली. अर्धी गोळी उडून कपाटाखाली गेली ती आजतागायत सापडलेली नाही. त्यानंतर मी या घरात आले.

मी कामाला चोख आहे, हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. फक्त चकचकीत लेपाच्या गोळ्या माझ्यापुढे ठेवू नका. त्यांतल्या बऱ्याच कापायच्याच नसतात, आणि हे औषधवाल्याला विचारल्याशिवाय कळत नाही. काकांची गोळी साधी पांढरी होती. काकू सकाळी चहाबरोबर ती कापायच्या आणि काकांच्या तळहातावर ठेवायच्या. काका न बघता तोंडात टाकायचे. बायकोच्या हातचं तपासून घ्यायची त्यांना सवय नव्हती.

आता या घरातली एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. काकांना पूर्वी चहा म्हणजे नुसता पाक लागायचा. साखर कमी करा म्हटलं की रुसून बसायचे. मग काकूंनी एक अक्षर न बोलता चमच्यातून रोज चिमूट-चिमूट साखर कमी केली. काका बिनसाखरेच्या चहापर्यंत येऊन पोहोचले, तरी म्हणत होते की चहा करावा तर हिनेच. पाहुण्यांना ही गोष्ट दर वेळी सांगितली जायची. काकूंना आपल्या त्या युक्तीचा सार्थ अभिमान होता, आणि तोच नडला.

शेजारच्या बाईंनी एकदा काकूंच्या मनात भरवलं, की स्टेरॉईड म्हणजे विषच, हाडं पोखरून टाकतं. काकू आधीच नवऱ्याच्या सुजलेल्या चेहऱ्याकडे बघून आतल्या आत झुरत होत्या. औषध मनाने बंद करायचं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं त्यांच्या लक्षात होतं. पण आपण बंद कुठे करतोय, नुसतं कमी करतोय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवसापासून त्या सांगितलेल्या मापातून आणखी एक चतकोर काढून माझ्या पोटात टाकू लागल्या. डॉक्टरीणबाई वरून कमी करत होत्या, काकू खालून. मधल्यामध्ये काकांच्या वाट्याला काय उरत होतं, हे फक्त मला ठाऊक होतं. मला जीभ आहे, पण ती पोलादी. तिला कापता येतं, बोलता येत नाही.

पहिल्यांदा काकांच्या चेहऱ्यावरची सूज उतरली, तेव्हा काकू खूश झाल्या. मग पँट ढिली झाली. मग ताटातलं ताटातच राहू लागलं. खुर्चीतून उठताना काका टेबल धरायचे आणि डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणायचे. काकू त्याला वय म्हणत होत्या. माझं पोट मात्र भरत चाललं होतं, आणि मित्रांनो, मला ते भरलेपण अजिबात आवडत नव्हतं.

त्यातच काकांना साधा ताप आला. एका सकाळी दोन उलट्या झाल्या आणि ते पलंगावरून उठेचनात. अंग घामाने थंड पडलं, हाक मारली तर नुसते ओठ हलत. त्यांची लेक तेव्हा घरीच होती. तिने गाडी बोलावली आणि औषधांच्या फळीवरचं सगळं पिशवीत कोंबलं. त्यात मीही गेले.

दवाखान्यात सलाईन लागलं. रक्तदाब खाली-खाली जात होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की गोळी चुकली होती का, मध्येच थांबवली होती का. लेकीने छातीठोकपणे सांगितलं, "एक दिवस नाही. आई स्वतः हातावर ठेवते." तेव्हा डॉक्टरीणबाई हृदयाच्या तपासण्यांचं बोलू लागल्या. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. बोललं तर लेकीसमोर, साऱ्या जगासमोर मान खाली जाणार होती, आणि नाही बोललं तर नवरा हातचा जाणार होता. त्यांनी पिशवीत हात घातला, मला बाहेर काढलं आणि माझं पोट उघडून स्टीलच्या ट्रेमध्ये पालथं केलं. चतकोर तुकड्यांचा ढीग पडला.

"मीच काढून ठेवल्या," काकू म्हणाल्या. "चहातली साखर कमी केली होती ना, तशा."

डॉक्टरीणबाईंनी तो ढीग एकदा पाहिला आणि नर्सला लगेच इंजेक्शन भरायला सांगितलं. रागावण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. दुपारपर्यंत काकांच्या अंगात ऊब आली आणि संध्याकाळी त्यांनी पाणी मागितलं. काकू तेव्हा तोंडाला पदर लावून पहिल्यांदा रडल्या.

मग डॉक्टरीणबाईंनी तिघांना बसवून समजावलं. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी बसलेल्या असतात, त्यांना अॅड्रिनल म्हणतात. आजारपणात, दुखापतीत शरीराला तग धरायला जे लागतं, ते त्या बनवतात. पण स्टेरॉईडची गोळी बरेच महिने बाहेरून येत राहिली, की आयतं मिळतंय म्हणून त्या झोपी जातात. गोळी हळूहळू उतरवायची ती त्यांना जागं व्हायला वेळ मिळावा म्हणून. घाईने काढली तर बाहेरून येत नाही आणि आतूनही नाही. त्यात ताप आला तर माणूस कोसळतो.

"काकू, कमी करायचं होतंच," त्या म्हणाल्या. "पण जिभेला फसवता येतं, या ग्रंथींना नाही. आणि तुम्ही काय काढलंत हे मला कळलं नाही, तर मी आंधळ्यासारखी चालते."

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग काकूंकडे बघून म्हणाले, "अगं, एवढी वर्षं गाडी चालवली, पण मला न सांगता कुठल्या कंडक्टरने ब्रेक दाबला नाही. घंटी तरी वाजवायचीस."

काकूंनी ते मनावर घेतलं. घरी आल्यावर गोळीचं माप पुन्हा वर गेलं आणि उतरण नव्याने, अधिक सावकाश सुरू झाली. रोज सकाळी काकू काकांच्या समोर बसून गोळी कापायच्या, माझं पोट उघडून त्यात काय उरलंय ते दाखवायच्या आणि मला टेबलावर दोनदा आपटायच्या. बसमध्ये एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल, हे त्या घरात लहान मुलालाही ठाऊक होतं. काका मान डोलवायचे आणि गोळी घ्यायचे. माझे कोपरे झिजले, पण इतक्या मानाने मला पूर्वी कोणी आपटलं नव्हतं.

सगळं सरळ झालं असं नाही. एकदा सांधे पुन्हा कुरकुरले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी उतरण थोडी थांबवली. एकदा काकांनाच घाई सुटली. आता एवढीशी तर राहिली, टाक काढून, असं ते म्हणाले. काकूंनी नुसतं माझ्यावर बोट ठेवलं आणि काकांनी गोळीसाठी हात पुढे केला. पुढे थंडीत ताप आला, तेव्हा काकूंनी आधी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांच्या सांगण्यावरून थोडे दिवस गोळी वाढवली आणि ताप गेल्यावर पुन्हा पूर्वीच्या मापावर आणली. उलटी होऊन गोळी पोटात टिकली नाही, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा, हे त्यांना आता पाठ आहे. काकांच्या खिशात एक कार्ड असतं. हा माणूस स्टेरॉईडवर आहे, असं त्यावर लिहिलेलं आहे, म्हणजे रस्त्यात पडले तरी अनोळखी डॉक्टरला कळावं.

शेवटच्या चतकोरापाशी पोहोचल्यावर, सकाळी गोळी घेण्याआधी काकांचं रक्त तपासलं. ग्रंथी जाग्या झाल्याचं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. गोळी बंद. कार्ड मात्र अजून खिशात ठेवायचं, कारण मोठ्या आजारात त्या नव्याने उठलेल्या ग्रंथींना मदत लागू शकते.

आता मी ओट्याखालच्या खणात असते. शेजारी सुतळीचं रीळ आहे आणि एक बिनकामाची किल्ली. मला कोणी विचारत नाही, आणि मित्रांनो, आयुष्यात हे एकच दुर्लक्ष मला हवंसं वाटलं. माझं बेकार पडणं म्हणजे काकांचं धडधाकट असणं. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिच्यातला चुरा झटकत जा, पातं बोथट झालं तर बदला, आणि तिला हात मोठ्यांनीच लावू द्या. औषध कमी करावंसं वाटलं तर जरूर विचारा, पण चोरून कमी करू नका. माया कितीही खरी असली, तरी तिनेही घंटी वाजवावी.

गोळी बंद झाली त्या सकाळी काकूंनी सवयीने मला टेबलावर आणलं. कापायला काहीच नव्हतं. त्यांनी माझं पोट उघडून काकांना दाखवलं. ते रिकामं होतं. मग त्यांनी मला टेबलावर आपटलं, फक्त एकदा. काकांनी ते ऐकलं, चहाचा कप खाली ठेवला आणि ते म्हणाले, "उतरा आता. शेवटचा थांबा आला."