मरणाआधीचं भाषण

आमच्या प्रातो गावात हल्ली नुसतं मरून भागत नाही. चर्चमध्ये शवपेटीपुढे कुणालातरी प्राचीन रोमन थाटात लॅटिन भाषण ठोकावं लागतं, नाहीतर लोक विचारतात, गेला तो माणूस होता की मेंढा? म्हणून आमच्या ह्यांनी, म्हणजे बाल्दो लोकरवाल्यांनी, अंथरूण धरलं आणि पाद्र्याच्याही आधी व्हेंतूरा पंडिताला बोलावणं धाडलं. म्हणे, "भाषण मला आधी ऐकायचंय. मेल्यावर काय ऐकू येणार, कप्पाळ!"

मी पंडिताला जिन्यातच गाठलं. अख्खं भाजलेलं बदक हातात ठेवलं आणि म्हटलं, "पंडितजी, माझ्या दियानोराचं काहीतरी घाला त्यात." दियानोरा आमची एकुलती एक लेक. तिनं दोरखंडवाल्याच्या पोराशी लग्न केलं म्हणून ह्यांनी तिला दार बंद केलं. राहते दोन गल्ल्या सोडून, पण आमचा उंबरा तिला वर्ज्य. ह्यांनी डोळे मिटायच्या आत पोर घरात यावी, एवढंच माझं मागणं होतं.

पंडित खाल्ल्या बदकाला जागला. लॅटिन वाचायचा आणि आमच्या बोलीत अर्थ सांगायचा. "या थोर पुरुषानं शत्रूला मिठी मारली, पिंजऱ्यातले पक्षी सोडले आणि दुरावलेल्या लेकीला स्वतःच्या हातानं दार उघडलं."

"कधी?" हे ताडकन उठून बसले.

"प्राचीन थोर पुरुष असंच करत."

"अहो, पण मी नाही ना केलं! तो माझा जुना वैरी कोंतो कातडीवाला पहिल्या बाकावर बसून फिदीफिदी हसेल. काढा ते!"

"एक वीट काढली की कमान कोसळते, बाल्दोशेठ. माणूस स्वतःला हवा तसा घडवू शकतो, असं आम्ही शिकवतो. भाषण बदलणार नाही. तुम्ही बदला."

मला वाटलं, आता पंडित जिन्यावरून खाली जातो! पण हसं व्हायची भीती ह्यांना मरणाहून मोठी. दुसऱ्या दिवशी रात्रीच्याच अंगरख्यात काठी टेकत गेले आणि कोंतोला कडकडून मिठी मारली. कोंतो बोंबलला, "धावा रे! बाल्दो चावतोय!" मग पक्षी. आमच्या घरात पक्षी कुठला? बाजारातून पिंजराभर विकत आणले आणि खिडकीतून सोडले. हिंडण्याफिरण्यानं ह्यांना भूक लागायला लागली.

पंडित रोज जिन्याखालून विचारायचा, "आहेत का अजून?"

"आहेत! दुसऱ्यांदा सूप मागतायत!"

"बाई, माझं भाषण शिळं होतंय हो!"

राहिली फक्त लेक. तिथं मात्र ह्यांची टाळाटाळ. "अगं, आज पाय ठणकतोय."

माझं डोकंच फिरलं. "कोंतोला मिठी मारायला पाय होते, आणि पोटच्या पोरीला दार उघडायला नाहीत? ऐकवा मग गावाला खोटं! पहिल्या बाकावरून मीच हसते की नाही बघा!"

तेव्हा कुठे निरोप गेला. पंडितानं ह्यांच्याकडून वाक्य घोटून घेतलं, 'ये कन्ये, क्षमा हा थोरांचा अलंकार आहे.' आणि चुकले तर सांगायला दाराआड उभा राहिला.

ह्यांनी स्वतः दार उघडलं. समोर दियानोरा, वाळलेली, हातांना दोरखंडाचे घट्टे. ह्यांचे ओठ हलले, पण वाक्य येईना. पंडित आडून कुजबुजतोय, "अलंकार! अलंकार!"

"पोरी, जेवलीस का?" हे म्हणाले.

"नाही, बाबा."

पंडितानं कपाळ बडवून घेतलं. "असं कुठल्याही थोर पुरुषानं म्हटलेलं नाही!"

"मग घाला," हे म्हणाले आणि तिला हाताला धरून आत घेऊन आले.

सेंट मार्टिनच्या सणाला हे गेले. चर्च खच्चून भरलेलं. पंडिताचं लॅटिन खळाळत होतं, कुणाला ओ की ठो कळत नव्हतं. शत्रू झाला, पक्षी झाले, लेकीपाशी आला आणि अडला. कागद खाली केला आणि आमच्या साध्या बोलीत म्हणाला, "पोरी, जेवलीस का?"

दियानोरा माझ्या खांद्यावर ओक्साबोक्शी रडली. आणि पलीकडे तो कोंतो कातडीवाला, मेला, माझ्याच शालीला नाक पुसत होता.